खडूवर मेण चढत नाही

तेरा वर्षांत तिने शेकडो माणसांना दात दिले होते, पण त्यांतलं एकही तोंड पाहिलं नव्हतं.

कवळ्या करणाऱ्या कारखान्यात मागच्या खोलीत तिचं टेबल होतं. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचा ठसा घेत, त्या ठशात प्लास्टर ओतून साचा होई आणि तो साचा पुठ्ठ्याच्या खोक्यातून तिच्याकडे येई. साच्यावर नाव नसे, नंबर असे. त्या पांढऱ्या जबड्यावर ती मेणाची हिरडी घडवी, तयार दात एकेक करून तीत बसवी आणि कुणाला एकट्या दाढेची टोपी हवी असली तर ती दाढ आधी मेणात कोरी. डाव्या हाताला स्पिरिटची बत्ती, उजव्या हाताला कोरण्या, मध्ये ती. बाकीची पाच माणसं तिला ताई म्हणत आणि आपलं अडलेलं घोडं तिच्या टेबलापाशी आणून बांधत.

गल्लीत तिला कवळीवाली म्हणत. सासूबाई घरी पुढच्या खोलीत शिलाई मशीन चालवत आणि गिऱ्हाइकांपुढे तोंडही चालवत. त्या म्हणत, "दात कोरून पोट भरत नाही म्हणे! आमच्या सूनबाईचं तेरा वर्षं भरतंय."

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एकशे बारा नंबरचा साचा आला.

खालचा जबडा होता. डाव्या बाजूला, जिथे दाढ काढून हिरडी सपाट व्हायला हवी, तिथे मुगाच्या दाण्याएवढा एक उंचवटा होता आणि त्याच्या टोकाशी बारीक चीर. दुसऱ्या कुणी तो कानशीने घासून टाकला असता. तिने तसा प्रकार पूर्वी दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा कवळी "टोचते" म्हणून परत आली होती. तिने चिठ्ठी लिहिली, "डाव्या बाजूला हिरडीखाली काहीतरी राहिलंय असं वाटतं. कवळी करण्याआधी बघून घ्यावं." चिठ्ठी साच्याला रबरबँडने बांधली आणि साचा परत पाठवला.

मालक चिडले. "डॉक्टरला शिकवायला निघालीस? उद्या ते दुसरीकडे काम देतील."

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. हिरडीखाली दाढेच्या मुळाचा तुकडा राहून गेला होता.

"तोंड न बघता कसं कळलं हो तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"तोंड बघितलं असतं तर आधीच कळलं असतं," ती बोलून गेली आणि जीभ चावली.

डॉक्टरीणबाई हसल्या. "मग बघा की. दंतमहाविद्यालयात सहा जागा असतात दहा वर्षं या कामात काढलेल्यांसाठी. प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. वय मात्र पस्तिशीच्या आत हवं."

ती चौतीस वर्षं आणि आठ महिन्यांची होती.

त्या संध्याकाळी तिने घरी विषय काढला तेव्हा सासूबाई एका पँटची लांबी कमी करत होत्या. त्यांनी मशीन थांबवलं नाही.

"पाच वर्षं शिकायचं?"

"हो, आई."

"म्हणजे डॉक्टर होशील तेव्हा चाळिशीला आलेली असशील."

"नाही झाले तरी चाळिशीला येणारच आहे."

सासूबाईंनी दोरा तोडला. "हे बाकी खरं. भर अर्ज. आमचा काळ गेला कपडे उसवण्यात, तू बघ काही जमतंय का."

नवरा बस डेपोत वेळापत्रकं करायचा. त्याचं अर्धं आयुष्य गाड्या कधी येतील हे लिहिण्यात गेलं होतं आणि उरलेलं अर्धं त्या का आल्या नाहीत हे सांगण्यात. त्यामुळे आशेवर बोलायची त्याची रीत नव्हती, आकड्यांवर बोलायची होती. पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो महाविद्यालयाच्या कार्यालयात गेला, जुन्या सूचनांच्या फायली मागून घेतल्या आणि सहा वर्षांच्या याद्या वहीत उतरवून आणल्या.

"हे बघ," तो म्हणाला. "चारशे मार्कांची परीक्षा. तीनशेचा लेखी पेपर, शंभराचं हस्तकौशल्य. अनुभवी गटात शेवटचा माणूस किती मार्कांवर आत गेला? दोनशे अडुसष्ट, पंचाहत्तर, एकाहत्तर, ऐंशी, चौऱ्याहत्तर, एकोणऐंशी. सरासरी दोनशे साडेचौऱ्याहत्तर."

"अर्धा मार्क कोण देतं?"

"अर्धा माझ्याकडून. आता लेखीत तुझे किती धरू?"

लेखीचा प्रश्न अवघड होता. बारावीला विज्ञान घेतलं होतं, पण त्याला सोळा वर्षं झाली होती. रसायनशास्त्र डोक्यातून असं गेलं होतं की जणू कधी आलंच नव्हतं. जीवशास्त्र बरं होतं. आकृत्यांचे प्रश्न मात्र तिला सोपे जात. घडी घातलेला कागद उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील, एखादा ठोकळा मागून कसा दिसेल, हे तिला विचार न करता दिसे. घरच्या घरी सोडवलेल्या पहिल्या सराव पेपरात तीनशेपैकी एकशे सहासष्ट आले, महिन्याभराने एकशे अठ्ठ्याऐंशी.

"हस्तकौशल्यात नव्वद धरतो," नवरा म्हणाला. "खडू कोरून आकृती करायची आहे. ते तर तुझं रोजचंच काम. एकशे अठ्ठ्याऐंशी अधिक नव्वद, दोनशे अठ्ठ्याहत्तर. सहापैकी चार वर्षांत तू आत गेली असतीस."

त्याने नव्वदचा आकडा शाईने लिहिला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिलाही नाही. खडू तिने हातातही धरून पाहिला नव्हता. जे येतंच त्याचा सराव करण्यात वेळ का घालवायचा, म्हणून ती रोज सकाळी पाचला उठून रसायनशास्त्राच्या मागे लागली होती.

परीक्षेला दोन महिने उरले असताना, तिने नुकत्याच लावलेल्या शिकवणी वर्गाने हस्तकौशल्याची सराव परीक्षा ठेवली. वर्गाचे सर पूर्वी याच परीक्षेचे परीक्षक होते. मोठ्या खोलीत चाळीस टेबलं, प्रत्येकावर अंगठ्याएवढा जाड खडू, एक कोरणी, एक मोजपट्टी आणि छापील आकृती. एका टोकाला तीन पायऱ्या, दुसऱ्या टोकाला उतार, मधोमध खाच. वेळ चाळीस मिनिटं. भोवती सगळी अठरा-एकोणीस वर्षांची मुलं-मुली. त्यांनी तिचं नाव पहिल्याच दिवशी काकू ठेवलं होतं.

"काकू, आज तुमचा दिवस," शेजारची मुलगी म्हणाली. "आम्हाला काही टिपा द्या ना."

"हात सैल ठेव," ती ऐटीत म्हणाली.

सरांनी सगळ्यांचे खडू कॅलिपरने मोजले आणि मार्क फळ्यावर लिहिले. शेजारच्या मुलीला त्रेसष्ट. तिला एक्केचाळीस.

"काकू, तुमच्यापेक्षा मला जास्त?" त्या मुलीला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "मी आजवर खडू फक्त फेकून मारलाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "काकूंचा दात किडला." वर्ग हसला. तीही हसली. हसावंच लागतं अशा वेळी.

वर्ग सुटल्यावर सरांनी तिला थांबवून घेतलं. तिचा खडू त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला.

"तुम्ही मेणात काम करता ना? किती वर्षं?"

"तेरा."

"दिसतंय. हात सुंदर आहे. पण प्रत्येक ठिकाणी तुम्ही रेघेच्या आत गेलाय. अर्धा मिलिमीटर, कुठे पाऊण. मेणात कसं करता तुम्ही?"

कसं करतो हे तिने कधी शब्दांत सांगितलं नव्हतं. सांगता सांगताच तिला चूक कळली. मेणात खाच कोरताना हात मुद्दाम थोडा खोल जातो. मग कोरणी बत्तीवर धरायची, गरम मेणाचा एक थेंब खाचेत सोडायचा, तो पसरला की कड कशी गुळगुळीत होते. आधी जास्त काढायचं, मग थोडं परत द्यायचं. दहातली नऊ कामं अशीच होतात.

"तेच म्हणतो मी," सर म्हणाले. "तुमच्या हाताला पक्कं माहीत आहे की काढलेलं परत घालता येतं. या पोरांना काहीच माहीत नाही, म्हणून ती भीत भीत कापतात आणि वाचतात. खडूवर मेण चढत नाही, बाई."

घरी नवऱ्याने वही उघडली, नव्वदवर रेघ मारली आणि एक्केचाळीस लिहिले. बेरीज दोनशे एकोणतीस झाली. तो त्या आकड्याकडे बघू लागला. चुकलेल्या गाडीचा ड्रायव्हर समोर उभा असावा तसा.

"नव्वद शाईने कशाला लिहिलेत?" ती म्हणाली.

"माझं चुकलं. यापुढे पेन्सिल."

"आता किती शक्यता?"

"आजच्या आकड्यावर? शून्य." मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "पण परीक्षा आज नाहीये."

तिने दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तासभर खडू कोरायला सुरुवात केली. चार दिवसांत हात सुधारे आणि पाचव्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखा होई. कारण उघड होतं. घरी एक तास खडू आणि कारखान्यात आठ तास मेण. सकाळी जे शिकायचं ते संध्याकाळपर्यंत मेण पुसून टाकी. दोन आठवडे हा खेळ झाल्यावर ती मालकांपुढे उभी राहिली.

"मालक, दीड महिना मला मेणाच्या टेबलावरून काढा."

मालक साच्यांची यादी तपासत होते. "काढून कुठे ठेवू? शोकेसमध्ये?"

"घासायच्या टेबलावर."

घासायचं टेबल म्हणजे कारखान्यातलं सगळ्यात खालचं काम. साचे कापायचे, तयार कवळीच्या कडा घासून पॉलिश करायच्या. दिवसभर धूळ. नवीन माणसाला पहिलं वर्ष तिथेच काढावं लागे. पण त्या टेबलावर फक्त काढून टाकायचं असतं, परत काही घालता येत नाही. कवळीची कड जास्त घासली गेली तर ती कवळी थेट केरात.

मालकांनी चष्मा काढला. "डोकं ठिकाणावर आहे? वाघाला गवत कापायला लावू?"

"वाघाला गवताची परीक्षा आहे."

"आणि मेणाचं काम कोण करणार?"

"दोघं जण तयार आहेत. अडले तर मी सांगेन, पण हात लावणार नाही."

"म्हणजे ऐक, मी काय करायचं ते नीट सांगतो," मालक बोटं मोजू लागले. "माझ्या सगळ्यात चांगल्या माणसाला मी सगळ्यात खराब काम द्यायचं. कशासाठी? तर ते माणूस मला सोडून जावं म्हणून. माझेच दात माझ्याच घशात!"

"गेले तर."

"गेले तर म्हणते! जायचंच असेल तर नीट जा. अर्धवट गेलीस आणि तोंड पाडून परत आलीस तर मला रोज ते तोंड बघावं लागेल." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि यादीत डोकं घातलं. ती तिथेच उभी. शेवटी यादीतून मान न काढता ते म्हणाले, "तोंडाला फडकं बांध. धूळ फार आहे तिथे."

तिने पहिल्या आठवड्यात दोन कवळ्या बिघडवल्या. तेरा वर्षांत पहिल्यांदा. मालकांनी त्या दोन कवळ्या तिच्या टेबलासमोर खिळ्याला टांगून ठेवल्या. तिसरी बिघडली नाही.

घरी सकाळचा खडू चालूच होता. सासूबाई तेव्हा मशीनला तेल घालत असत. एके दिवशी त्या येऊन तिच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या.

"तू रेघेवर कापतेस," त्या म्हणाल्या.

"रेघेवरच कापायचं असतं ना, आई?"

"मी चाळीस वर्षांत रेघेवर कापलं नाही. रेघ शिवायला असते. कापायचं रेघेच्या बाहेर बोटभर सोडून. पहिल्याच कात्रीला रेघेवर जातो तो शिंपी नाही, न्हावी."

"खडू शिवता येत नाही पण."

"मग कोरणी आडवी धरून घास की रेघेपर्यंत. मला काय कळतंय त्यातलं, कपड्याचं सांगितलं." आणि त्या तेलाची बाटली घेऊन निघून गेल्या.

तिने प्रत्येक रेघेबाहेर अर्धा मिलिमीटर सोडून कोरायला सुरुवात केली आणि शेवटी कोरणीचं पातं सपाट धरून रेघेपर्यंत खरवडत आणलं. मापं जुळू लागली. पण वेळ लागे पंचावन्न मिनिटं. वेळेचं खातं नवऱ्याने स्वतःकडे घेतलं. डेपोतलं जुनं घड्याळ समोर ठेवून तो दर पाच मिनिटांनी ओरडे, "पायऱ्या सुटल्या! गाडी चार मिनिटं उशिरा!"

"ओरडू नका, हात हलतो."

"परीक्षेत कुणी खोकलं तर?"

"खोकणाऱ्याला तुमच्यासारखा गळा नसतो."

पंचावन्नचे पन्नास झाले, पन्नासचे चव्वेचाळीस. शेवटच्या आठवड्यात एकदा एकोणचाळीस. सरांनी तो खडू मोजला आणि अठ्ठ्याहत्तर दिले. लेखीचा सराव दोनशेच्या आसपास घुटमळत होता. नवऱ्याने पेन्सिलीने बेरीज केली, खोडली, पुन्हा केली.

"सांगा की एकदाचं."

"तीनात दोन."

"आत जायची, की बाहेर राहायची?"

"आत जायची. पण ही शक्यता आहे, आश्वासन नाही. आमच्या वेळापत्रकाच्या खाली लिहितात तसं."

लेखी पेपर पहिल्या दिवशी झाला. रसायनशास्त्राने अपेक्षेइतकंच छळलं. दुसऱ्या दिवशी हस्तकौशल्य होतं. दोनशे टेबलांचं सभागृह, प्रत्येकाला एकच खडू. आकृती उघडली तेव्हा तिला हायसं वाटलं. एका टोकाला चौकोनी मनोरा, मध्ये खाच, दुसऱ्या टोकाला तिरपा काप. तिने मापं टाकली, रेघा ओढल्या आणि रेघांच्या बाहेर राहून कोरायला लागली. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. हात शांत होता. मनोऱ्याच्या तीन बाजू झाल्या.

पंचविसाव्या मिनिटाला मनोऱ्याचा एक कोपरा टचकन उडाला.

खडूत हवेचा बुडबुडा होता. कोरणीचा काही दोष नव्हता, तिचाही नव्हता. अर्धा मिलिमीटर तिने राखून ठेवला होता, पण तुकडा त्याहून मोठा होता आणि रेघेच्या आत खड्डा पडला होता. तिचा डावा हात आपोआप टेबलाच्या डाव्या कोपऱ्याकडे गेला. तिथे बत्ती नव्हती. नुसतं लाकूड होतं. हात क्षणभर तिथेच राहिला.

आता दोन वाटा होत्या. सगळा मनोरा त्या कोपऱ्याइतका खाली आणायचा, म्हणजे चारही बाजू पुन्हा कोरायच्या आणि उरलेलं काम अपुरं सोडायचं. किंवा तो कोपरा तसाच ठेवून पुढे जायचं. तिच्या हाताने आयुष्यात एकही तुटका कोपरा तसाच सोडला नव्हता. बाजूच्या टेबलावरचा मुलगा तिच्या खडूकडे बघून हळहळला.

तिने डावा हात उचलला, खडू फिरवला आणि दुसऱ्या टोकाचा तिरपा काप सुरू केला. मनोऱ्याकडे पुन्हा बघितलं नाही. घंटा वाजली तेव्हा कोपरा सोडून सगळं रेघेवर आलं होतं.

बाहेर नवरा आणि सासूबाई दोघंही उभे होते.

"कसं गेलं?" सासूबाईंनी विचारलं.

"एक कोपरा गेला, आई. बाकी सगळं रेघेवर आहे."

तीन आठवड्यांनी यादी लागली. लेखी दोनशे चार, हस्तकौशल्य बहात्तर, एकूण दोनशे शहात्तर. अनुभवी गटातला सहावा माणूस दोनशे सत्याहत्तरवर आत गेला होता. ती सातवी होती. प्रतीक्षा यादीत पहिली.

घरी तिने आकडे सांगितले. मग सासूबाईंनी मशीन बंद केलं. "एका मार्काने?"

"एका मार्काने."

"त्या कोपऱ्याचे चार तरी गेले असतील," नवरा म्हणाला आणि लगेच त्याला वाटलं, हे बोलायला नको होतं.

पण ती रडली नाही. "कोपरा दुरुस्त करत बसले असते तर वीस गेले असते," ती म्हणाली. "आता पुढचं सांगा. प्रतीक्षा यादी कितीदा हलते?"

नवऱ्याने ते आधीच उतरवून आणलेलं होतं. सांगायचं कसं, एवढंच अडलं होतं. "पंधरा दिवस यादी उघडी असते. सहा वर्षांपैकी तीन वर्षं कुणी ना कुणी जागा सोडली. कुणाला कामावरून सोडलं नाही, कुणाचं घर दुसऱ्या गावी गेलं. तीन वर्षं कुणी हललं नाही."

"म्हणजे अर्धं."

"अर्धं."

"मग पंधरा दिवस अर्ध्याच आशेवर राहू," ती म्हणाली. "पूर्ण ठेवायला जागा पण नाही घरात."

ती कामावर गेली. परीक्षा संपली होती, म्हणून मालकांनी तिला मेणाच्या टेबलावर परत बसवलं. निकाल विचारला नाही. बाकीच्यांनी विचारला आणि त्यांनी सगळ्यांना कामाला लावलं. पहिले दोन-तीन दिवस गंमत झाली. तिचा हात मेणातही रेघेबाहेर थांबू लागला होता, थेंब सोडायची वेळच येत नव्हती. काम उलट लवकर होऊ लागलं. मालकांनी ते पाहिलं आणि फक्त घसा खाकरला.

घरी नवरा रोज कार्यालयात फोन करून विचारत असे. तिने दुसऱ्या दिवशी त्याला मनाई केली. मग तो न सांगता करू लागला आणि तिला ते कळत होतं, कारण रात्री जेवताना तो उगाच हवापाण्याच्या गप्पा मारायचा. सातवा दिवस गेला, आठवा गेला. नवव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "नाही झालं तर काय करशील?"

"चिठ्ठ्या लिहीन," ती म्हणाली. "साच्यात काही दिसलं की चिठ्ठी. आता डॉक्टर वाचतात माझ्या चिठ्ठ्या."

सासूबाईंनी मान हलवली. त्यांना ते उत्तर पुरेसं वाटलं नाही, पण पटलं.

अकराव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला कारखान्यातला फोन वाजला. मालकांनी उचलला, ऐकला आणि रिसिव्हर तिच्यापुढे धरला. तिने मेणाची कोरणी खाली ठेवून हात पुसले.

दुसऱ्या बाजूला कार्यालयातल्या बाई होत्या, घाईत. अनुभवी गटातल्या एका उमेदवाराने जागा सोडली आहे. प्रतीक्षा यादीत तुमचा पहिला नंबर. जागा हवी आहे का? हवी असेल तर मूळ कागदपत्रं घेऊन उद्या सकाळी साडेदहाला हजर राहा.

"हवी आहे," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला याचं तिलाच नवल वाटलं. मग तिची नजर टेबलावर गेली. तिथे तीनशे अठरा नंबरची कवळी अर्धी झाली होती. वरचे दात बसले होते, खालचे बाकी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती डॉक्टरांकडे तोंडात लावून बघायला जायची होती. "बाई, साडेदहाच्या ऐवजी साडेबारा चालेल का? माझं एक काम—"

मालकांनी तिच्या हातातून रिसिव्हर काढून घेतला. "साडेदहा! साडेदहाला हजर राहतील. सव्वादहाला राहतील. हो, लिहून घ्या." आणि त्यांनी फोन ठेवला.

"अहो मालक, तीनशे अठरा कोण करणार?"

"तीनशे अठराच्या आधी हा कारखाना कोणी सुरू केला? तू?" ते तिच्या खुर्चीत बसले. त्या टेबलावर ते गेल्या कित्येक वर्षांत बसले नव्हते. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, बत्तीची वात कमी केली आणि खालच्या दातांचा डबा जवळ घेतला. "जा, घरी फोन कर. तुझ्या नवऱ्याला त्याची ती वही घेऊन बोलाव. आणि तुझ्या सासूला सांग, नव्या डॉक्टरीणबाईंचा पांढरा कोट आम्ही विकत घेणार नाही, त्यांनी शिवायचा."

ती फोनपाशी गेली नाही. तिथेच, त्यांच्या मागे उभी राहिली. मालकांचे हात अजून चांगले होते, फक्त जरा हळू. त्यांनी पहिला दात बसवला, दुसरा बसवला, दोन्ही सैनिकांसारखे ताठ.

"एवढे सरळ नका बसवू," ती म्हणाली. "डॉक्टरांनी लिहिलंय, आजींच्या जुन्या फोटोत खालचे पुढचे दोन दात एकमेकांवर थोडे चढलेले दिसतात. तसेच हवेत त्यांना."

मालकांनी दात पुन्हा काढला, कोरणी बत्तीवर धरली आणि खांद्यावरून मागे वळून विचारलं, "किती चढलेले? दाखव."

ती वाकली आणि बोटाने दाखवू लागली.